तैवानच्या नाइट मार्केटमध्ये खायला निघालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तैवानला फिरायला जाणारी कुटुंबं, शिंचूच्या विद्यापीठांत शिकायला गेलेली मुलं, कंपनीच्या कामासाठी चार दिवस तैपेईत राहणारी मंडळी, या सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. शाकाहाराबद्दलचे प्रश्न सगळ्यांत जास्त येतात, म्हणून तो भाग मुद्दाम लांब ठेवला आहे. चिनी शब्दांचे उच्चार देवनागरीत जमतील तेवढे जवळ आणले आहेत. सूर चुकतीलच, पण गाड्यावरच्या माणसाला कळतं.

१. नाइट मार्केटमध्ये फक्त खाणंच असतं का?

नाही. कपडे, मोज्यांचे ढीग, मोबाइलची कव्हरं, फुगे फोडायचे आणि रिंगा टाकायचे खेळ हेही असतं. पण लोक येतात ते खायलाच. जुने बाजार बहुतेक देवळांच्या आधाराने वाढले: देवळासमोर माणसं जमायची, म्हणून खाण्याचे गाडे लागायचे. राओहे बाजाराच्या तोंडाशी १७५३ सालचं त्सयौ मंदिर आहे, समुद्रदेवी माझूचं. कीलुंगचा बाजार तर द्येनजी मंदिराच्या अंगणापासूनच सुरू होतो. देऊळ बघून मग खायला जा. आत कोणी अडवत नाही आणि आरतीच्या वेळेची भानगडही नाही.

२. तैपेईत एकच संध्याकाळ मोकळी आहे. कुठल्या बाजारात जाऊ?

राओहे. हिरव्या मेट्रो मार्गाच्या शेवटच्या स्टेशनवर, सोंगशानला उतरलात की बाजार समोरच. सुमारे ६०० मीटरचा एकच सरळ रस्ता आहे, त्यामुळे चुकायची भीती नाही. एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने परतायचं.

निंगश्या याहून लहान आणि जवळजवळ निव्वळ खाण्याचा. जुने पदार्थ चाखायचे असतील तर हा जास्त चांगला, पण मधली वाट इतकी चिंचोळी की शनिवारी रात्री माणसाच्या पाठीला माणूस लागलेला असतो. तैपेई १०१ बघून झाल्यावर पाय दुखत असतील तर लिनच्यांग स्ट्रीट जवळ पडतो. जवळचं स्टेशन शिनयी-आनहे.

शीलिनचं नाव सगळ्यांत मोठं, म्हणून सगळे तिथेच धावतात. खरेदी आणि खेळ यांसाठी तो मस्त आहे, पण फक्त खाण्यासाठी एकच संध्याकाळ असेल तर आमची पसंती त्याला नाही. गेलातच तर मेट्रोचं 'शीलिन' स्टेशन नव्हे, त्याच्या अलीकडचं 'ज्येनथान' घ्या. नावावर विश्वास ठेवून बरेच जण एक स्टेशन पुढे जातात आणि मग चालत मागे येतात.

३. तैपेईबाहेरही असे बाजार आहेत का? रोज भरतात का?

प्रत्येक शहरात आहेत. रोज भरण्याचं मात्र गृहीत धरू नका. तैपेईतले मोठे बाजार रोज असतात, पण दक्षिणेकडे मोकळ्या मैदानात भरणारे बाजार वार बघून भरतात.

ताइनान याचं ठळक उदाहरण. तिथे दादोंग, वूशंग आणि ह्वायुआन असे तीन मोठे बाजार वार वाटून घेतात. स्थानिक लोक सोमवारपासून रविवारपर्यंतचं वेळापत्रक घोकतात: दा-दा-वू-ह्वा-दा-वू-ह्वा. म्हणजे सोमवार, मंगळवार, शुक्रवार दादोंग. बुधवार, शनिवार वूशंग. गुरुवार, रविवार ह्वायुआन. शिवाय शनिवारी ह्वायुआनही असतो. काओश्युंगचा रेइफंग सोमवार आणि बुधवारी बंद असतो, त्या दिवशी ल्योहेला जा. निघण्याआधी नकाशाच्या अ‍ॅपवर आजचा वार तपासा.

ताइचुंगचा 'फंगच्या' नावाचा बाजार त्याच नावाच्या विद्यापीठाशेजारी आहे, त्यामुळे गर्दी पोरांची आणि पदार्थही दर वर्षी नवे. तैपेईहून कीलुंग तासाभराच्या आत येतं. तिथे पिवळ्या कंदिलांखाली गाड्यांना क्रमांक दिलेले आहेत आणि बरेच गाडे दिवसाही चालू असतात. शिंचूला असाल तर नगरदेवतेच्या मंदिराभोवतीचे गाडे सोडू नका. तिथली तांदळाची शेव आणि मांसाचे गोळे प्रसिद्ध आहेत.

४. किती वाजता पोहोचावं?

बाजार साधारण पाच वाजता हलायला लागतो आणि बाराच्या सुमारास आवरतो. साडेपाच-सहाला पोहोचलात तर रांगा लहान असतात आणि तेल ताजं असतं. सात ते नऊ सगळ्यांत जास्त गर्दी. अकरानंतर गेलात तर चांगल्या गाड्यांवरचा माल संपलेला असतो.

दुपारी हॉटेलात पोटभर जेवून जाऊ नका, एवढंच पथ्य.

५. साधारण किती पैसे लागतील? कार्ड चालतं का?

रोख ठेवा. काही गाड्यांवर मोबाइलने पैसे घेतात, पण ती अ‍ॅप स्थानिक असतात आणि आपलं यूपीआय तिथे धरून चालू नका. मेट्रोचं ईझीकार्ड दुकानांत चालतं, गाड्यावर चाललं तर नशीब.

रताळ्याचे गोळे ४०-६० तैवानी डॉलर, मिरीची भाजलेली पोळी ६०-७०, कालवांचं ऑम्लेट ७०-१००, मोठी चिकन कटलेट ८०-१००, बबल टी ५०-७०. एका तैवानी डॉलरचे तीन रुपये धरले की हिशोब तोंडी होतो. पाच-सहा पदार्थ आणि एक पेय घेतलं तर माणशी ४०० डॉलरांत भागतं. १०० च्या नोटा आणि १० ची नाणी खिशात असू द्या. चाळीस डॉलरच्या खाऊला हजाराची नोट पुढे केली तर माणूस हसून घेतो, पण मागची रांग हसत नाही. टिप देण्याची पद्धत नाही.

६. चिनी येत नाही. ऑर्डर कशी द्यायची?

बोट दाखवा आणि 'यी फन' म्हणा, म्हणजे एक प्लेट. किती पैसे: 'दुओशाओ छ्येन'. इथेच खाणार: 'नेइयोंग'. बांधून द्या: 'वायदाय'. धन्यवाद: 'श्येश्ये'. किंमत बहुतेक पाटीवर लिहिलेली असते आणि आकडे आपण वाचतो तेच इंग्रजी असतात. तुम्ही बोलायच्या आत विक्रेता एखादा प्रश्न टाकेल, तो नव्वद टक्के वेळा तिखटाबद्दल असतो (प्रश्न १७ पाहा).

पथ्याच्या गोष्टी मात्र तोंडी सांगू नका. 'मी शाकाहारी आहे, मांस, मासे, कोळंबी, डुकराची चरबी, माशांचं पाणी चालत नाही' हे वाक्य मोबाइलवर चिनीत भाषांतर करून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. आवाज, धूर आणि घाई यांच्यात वाचून घेणं त्यांनाही सोपं जातं.

७. मी पूर्ण शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

नाही, पण डोळे मिटून खाताही येणार नाही. दिसणारं मांस टाळणं सोपं असतं. अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची: पिठात किंवा तव्यावर डुकराची चरबी, रश्शात सुकट माशांचं पाणी, कोबीत सुकी कोळंबी, पावावर भुरभुरलेला मांसाचा भुगा. आणि 'साचा' नावाचा सॉस. भाजलेल्या मक्याच्या कणसावर ब्रशने लावतात तो बऱ्याचदा हाच, आणि त्यात सुके मासे आणि कोळंबी असते. कणीस घेताना सॉस नको म्हणा, मीठ-मिरपूड मागा.

बिनघोर म्हणावेत असे पदार्थ बहुतेक गोडाचे आहेत. 'दौ-ह्वा' म्हणजे सोयाबीनच्या दुधाची लुसलुशीत खरवसासारखी वडी, वर पाक, उकडलेले शेंगदाणे, राजम्यापेक्षा लहान लाल दाणे. 'आय-यू' ही तैवानच्या डोंगरांतल्या एका अंजीरवर्गीय वेलीच्या बिया पाण्यात चोळून केलेली जेली. तिला शिजवावं लागत नाही, जिलेटिनही नसतं, आणि लिंबाच्या सरबतात घालून देतात. उकाड्यात याच्याइतकं दुसरं काही बरं वाटत नाही.

तिखटमिठातलं हवं तर 'शिंग-बाओ-गू' नावाचे जाड देठाचे मश्रूम भाजून मिरपूड टाकून देतात. भाजीचे वडे आणि टोफूही मिळतो, पण त्यांच्या तेलाचा प्रश्न वेगळा (प्रश्न १०).

आणि रताळ्याचे गोळे, 'दीग्वा-छ्यौ'. हा गाडा दिसला तर घ्या, पण आधी दोन मिनिटं बघत उभे राहा. रताळं, स्टार्च आणि साखर यांच्या पिठाच्या सुपारीएवढ्या गोळ्या मंद तेलात सोडतात. त्या वर तरंगल्या की बाई मोठ्या झाऱ्याने सगळ्या गोळ्या कढईच्या कडेला दाबून धरते. दाबल्यावर चपट्या होतात, सोडल्यावर फुगतात, पुन्हा दाबते, पुन्हा फुगतात. असं बरेचदा केल्यावर लिंबाएवढे पोकळ गोळे तयार होतात: बाहेरून कुरकुरीत, आतून चिवट, मध्ये नुसती हवा. कागदी पिशवीत गरम असतानाच संपवा, पंधरा मिनिटांनी बसतात.

कांद्याच्या पातीची पोळी दिसायला निष्पाप असते, पण पिठात चरबी असू शकते. चाकाच्या आकाराच्या केकमध्ये आत लाल दाण्यांचं पुरण असलं तरी वरच्या पिठात अंडं असतं. विचारूनच घ्या.

८. काही गाड्यांवर स्वस्तिक काढलेलं दिसतं. त्याचा अर्थ काय?

शाकाहारी. तैवानमध्ये शाकाहाराची परंपरा मुख्यतः बौद्ध आहे आणि बौद्ध स्वस्तिक तिथे शाकाहारी खाण्याची खूण म्हणून वापरतात. ते डावीकडे वळलेलं असतं. सोबत 'सू' हे अक्षर असतं, तेवढं एक ओळखायला शिका. 'वो छि सू' म्हणजे मी शाकाहारी खातो.

चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला तिथले पुष्कळ लोक त्या दिवसापुरते शाकाहारी असतात, त्यामुळे 'सू' म्हटल्यावर कोणी चमत्कारिक नजरेने बघत नाही.

आता सावधगिरीची गोष्ट. शाकाहारी गाड्यावरही 'मटण', 'मासा', 'सॉसेज' अशी नावं आणि तसेच आकार दिसतील. ते सोयाचं किंवा गव्हाच्या ग्लुटेनचं असतं. पाटीवर खूण असेल तर घाबरून परत फिरू नका.

९. कांदा-लसूण चालत नाही. जैन जेवण मिळेल का?

कांदा-लसणाच्या बाबतीत तैवान अनपेक्षितपणे सोपं आहे. तिथला पारंपरिक 'पूर्ण सू' म्हणजे मांस-मासे-अंडं तर नाहीच, शिवाय कांदा, लसूण, पात असे उग्र वासाचे पाच प्रकारही नाहीत. पाकीटबंद पदार्थांवर शाकाहाराचे पाच प्रकार छापावे लागतात: पूर्ण, अंड्याचा, दुधाचा, अंडं-दुधाचा, आणि कांदा-लसूणवाला. म्हणजे तिथे कांदा-लसूण असलेला शाकाहार हा वेगळा सांगावा लागतो.

कंदमुळांचं मात्र काही खरं नाही. बटाटा, रताळं, आरवी, मुळा, गाजर यांना कोणी हरकत घेत नाही, आणि नाइट मार्केटमधलं निम्मं गोड आरवी-रताळ्यावरच चालतं. काटेकोर जैन पाळणाऱ्यांनी दौ-ह्वा, आय-यू आणि फळं यांवर भर द्यावा, आणि पोटभर जेवण दिवसा 'सू' हॉटेलात करून यावं.

१०. मांसाच्या तव्यावर किंवा तेलात केलेलं शाकाहारी घ्यावं का?

हे तुमचं तुम्हीच ठरवायचं. वस्तुस्थिती एवढीच की मिश्र गाड्यावर वेगळं तेल नसतं. चिकन आणि फरसबी एकाच कढईत जातात. तैवानमध्ये असं खाणारे लोकही आहेत. भांड्यातलं मांस बाजूला ठेवून भाजी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांना ते 'भांड्याकाठचे शाकाहारी' म्हणतात, आणि तुम्ही 'वो छि सू' म्हणालात तर विक्रेता तुम्हाला त्यातलेच समजू शकतो. हे चालत नसेल तर फक्त स्वस्तिकाची पाटी असलेला गाडा, किंवा एकाच पदार्थाचा गाडा शोधा. रताळ्याचे गोळे विकणारी बाई बहुधा दुसरं काहीच तळत नाही. बघा आणि घ्या.

११. चतुर्थी तिथेच आली तर? उपासाला काय मिळेल?

हा प्रश्न आम्हालाही आधी चेष्टेचा वाटला होता, पण दर श्रावणात येतो. उत्तर चांगलं आहे. फळं भरपूर. भाजलेलं रताळं सेव्हन-इलेव्हन आणि फॅमिलीमार्टमध्ये सालासकट गरम मिळतं, तेलाचा संबंध नाही. उकडलेले शेंगदाणे मिळतात. बबल टीतले काळे मोती टॅपिओकाच्या स्टार्चचे असतात, म्हणजे आपला साबुदाणा ज्याचा करतात त्याचेच. दुधाऐवजी पावडर असू शकते (प्रश्न १६). तेव्हा शास्त्रार्थ आपापल्या घरच्या आजींना फोन करून करावा.

१२. मांसाहारी आहे पण बीफ खात नाही. कसं ओळखायचं?

'वो बू छि न्यौ-रौ' म्हणा. हे वाक्य तिथे अगदी ओळखीचं आहे. शेतीत राबलेल्या बैलाचं मांस खायचं नाही असं मानणारी जुनी शेतकरी घरं आणि देवी क्वानयिनचे भक्त असे बरेच तैवानी स्वतःच बीफ टाळतात. नाइट मार्केटमध्ये मुख्य मांस डुकराचं, मग चिकन. बीफ असतं ते बहुधा ज्वाळेच्या बंदुकीने भाजलेल्या चौकोनी तुकड्यांत आणि नूडल्सच्या रश्शात. डुक्करही चालत नसेल तर यादी एकदम लहान होते: चिकन, कालवं, माकूल. पण तिथेही चरबीची चौकशी करा.

१३. सगळं खातो. सुरुवात कशाने करू?

'हूज्याओ बिंग'ने, म्हणजे मिरीच्या भाजलेल्या पोळीने. राओहेच्या मंदिराकडच्या तोंडालाच तिची सगळ्यांत लांब रांग असते. तो गाडा मिशेलिनच्या स्वस्त-मस्त यादीत आलेला आहे, पण रांग त्याच्याही आधीपासून आहे. रांगेत कंटाळा येत नाही, कारण सगळं समोर चालू असतं. एक जण पिठाच्या चकतीवर मिरी लावलेलं डुकराचं मांस ठेवतो, त्यावर चिरलेल्या पातीची मूठभर रास दाबतो आणि मोदक मिटावा तसं तोंड मिटतो. दुसरा वरून तीळ लावतो. तिसरा पिंपासारख्या मातीच्या भट्टीत हात घालून आतल्या भिंतीला तो गोळा चिकटवतो, खाली कोळसे. भाजून झाल्यावर खरडून काढतात. पहिला घास हळू घ्या. आत गरम रस साठलेला असतो आणि जीभ पोळलेले लोक दहा पावलांवर उभे दिसतातच.

दुसरं कालवांचं ऑम्लेट, 'ओ-आ-च्येन'. कोकणातल्या माणसाला कालवं नवी नाहीत, पण इथे ती रताळ्याच्या स्टार्चच्या घोळात, अंडं आणि पालेभाजीबरोबर सपाट तव्यावर करतात आणि वर गोडसर गुलाबी सॉस ओततात. चिकट लागतं. पहिल्या खेपेला ते न आवडणारे अर्धे तरी निघतात, म्हणून दोघांत एक घ्या.

'जी-पाय' ही तोंडाएवढी सपाट चिकन कटलेट, पंचमसाल्यात मुरवलेली. ती एकट्याने संपवली तर बाकी बाजार बघायलाच फिरावं लागेल. त्यापेक्षा 'येन-सू-जी' बरी. टोपली आणि चिमटा घेऊन चिकन, मश्रूम, टोफू, फरसबी जे हवं ते निवडायचं, गाडेवाल्याकडे द्यायचं. तो तुकडे करून तळतो, शेवटी तुळशीच्या जातीची पानं त्याच तेलात टाकतो आणि मसाला भुरभुरतो. ती कुरकुरीत पानं आधी संपतात.

'जू-श्ये-गाओ' म्हणजे डुकराच्या रक्तात चिकट तांदूळ घालून वाफवलेली वडी, काडीवर, दाण्याचं कूट आणि कोथिंबीर लावून. रक्ती खाणाऱ्या घरातल्यांना यात धक्का बसण्यासारखं काही नाही.

१४. तो वास मारणारा टोफू खरंच खाण्यासारखा असतो का?

हो, फक्त पहिल्यांदा तळलेला घ्या. टोफू आंबवलेल्या खाऱ्या पाण्यात मुरवतात आणि वास त्या पाण्याचा असतो. तळल्यावर तो पुष्कळ कमी होतो. बाहेरून खुसखुशीत, मध्ये भोक पाडून लसूण-सोयाचं पाणी ओतलेलं, बाजूला आंबटगोड कोबीचं लोणचं. कोबी टोफूबरोबरच खायचा, नंतर नाही. वाफवलेला किंवा तिखट रश्शातला प्रकार हा पुढच्या इयत्तेचा अभ्यास आहे, त्या रश्शात बऱ्याचदा बदकाचं रक्तही असतं.

शाकाहाऱ्यांनी लक्षात घ्यावं: ते खारं पाणी काही ठिकाणी निव्वळ भाज्यांचं, तर काही ठिकाणी कोळंबी-मासे घालून केलेलं असतं. टोफू आहे म्हणून सू आहे असं होत नाही.

१५. गोडात काय चुकवू नये?

शेंगदाण्याचं आइस्क्रीम रोल. गाड्यावर शेंगदाण्याच्या चिक्कीची विटेपेक्षा मोठी लादी ठेवलेली असते आणि विक्रेता सुताराच्या रंध्याने तिचा भुगा काढत असतो. पातळ पोळीवर तो भुगा, वर आरवी किंवा अननसाच्या आइस्क्रीमचे गोळे आणि शेवटी कोथिंबीर. कोथिंबीर नको असं म्हणू नका. एकदा तशीच खाऊन बघा. बाकीचं गोड प्रश्न ७ मध्ये आलंच आहे.

१६. बबल टी कशी मागवायची?

साखर आणि बर्फ वेगवेगळे सांगावे लागतात. 'बान थांग' निम्मी साखर, 'वेई थांग' थोडी, 'वू थांग' अजिबात नाही. 'शाओ बिंग' कमी बर्फ, 'छ्यू बिंग' बर्फ नको. पूर्ण साखर आपल्या अमृततुल्यवाल्यालाही जड वाटेल, तेव्हा वेई थांगपासून सुरू करा. मोती मुळातच गोड पाकात असतात. साध्या 'मिल्क टी'त बऱ्याचदा पावडर असते. ताजं दूध हवं तर 'श्येन नाय' लिहिलेला प्रकार घ्या.

हे पेय १९८० च्या दशकातलं. ताइचुंगचं चुन शुई तांग आणि ताइनानचं हानलिन हे दोघे चहावाले ते आपलंच म्हणतात. दहा वर्षं कोर्टात भांडले आणि २०१९ मध्ये, पहिलं कोणाचं हे न ठरताच, प्रकरण मिटलं.

१७. तिखट असतं का?

आपल्या मानाने नाही. 'याओ बू याओ ला?' म्हणजे तिखट हवं का. 'श्याओ ला' थोडं, 'बू याओ ला' नको. कोल्हापूरकरांनी 'दा ला' म्हणायला हरकत नाही, पण गाड्यावरची तिखट पूड चवीला वेगळी असते, झणझणीत असेलच असं नाही.

१८. पोट बिघडेल का? बर्फ, पाणी, कच्चं?

खप मोठा असतो, समोर गरम करून देतात, त्यामुळे भीती बाळगण्याचं कारण नाही. नळाचं पाणी तिथले लोकही उकळूनच पितात, तुम्ही बाटली घ्या. बहुतेकांचं पोट बिघडतं ते तासाभरात सात तळीव पदार्थ आणि त्यावर अर्धा लिटर गार दूध-चहा रिचवल्यामुळे. कालवं खाताना मात्र गर्दीचाच गाडा निवडा.

१९. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे.

मग फार जपून. दाण्याचं कूट रक्ताच्या वडीवर, डुकराच्या मांसाच्या पावावर, 'मोची' नावाच्या चिकट तांदळाच्या गोळ्यांवर, बर्फावर, सगळीकडे असतं आणि चमचे एकमेकांत फिरतात. 'नको' म्हणणं पुरेसं नाही. चिनीतला स्क्रीनशॉट (प्रश्न ६) आणि औषध दोन्ही जवळ ठेवा, आणि दाणे दिसतील तो गाडाच सोडा.

२०. बसून खाता येतं का? चौघांत एक प्लेट चालेल का?

उभ्याने खायच्या गाड्यावर चौघांत एक काय, आठांत एक घ्या. किंबहुना तसंच करा, म्हणजे दुप्पट पदार्थ चाखता येतात. स्टुलं मांडलेल्या ठिकाणी नियम वेगळा: बसणाऱ्या प्रत्येकाने काहीतरी मागवावं अशी अपेक्षा असते आणि पाटीही असते. दुसऱ्या गाड्यावरचं खाणं तिथे घेऊन बसू नका. खाऊन झालं की उठा, गप्पा नंतर.

२१. कचरा कुठे टाकायचा? खात खात मेट्रोत शिरलं तर चालतं?

मेट्रोत नाही. तैपेई मेट्रोच्या प्रवेशद्वाराच्या आत खाणं-पिणं बंद आहे, पाणी आणि च्युइंगगमसुद्धा. दंड १,५०० ते ७,५०० तैवानी डॉलर. हातात अर्धी बबल टी असेल तर बाहेरच संपवा.

रस्त्यावर कचरापेट्या कमी. ज्या गाड्यावर घेतलं तिथल्या पेटीत काड्या-कागद टाकता येतात, म्हणून तिथेच उभं राहून खाणं सोयीचं. एक पिशवी जवळ ठेवा आणि टिश्यूही. तैपेईत डिसेंबर २०२२ पासून पेयांच्या दुकानांत एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे पेले बंद आहेत. स्वतःचा पेला नेलात तर पैसेही थोडे कमी घेतात.

२२. घासाघीस करायची का? फसवणूक होते का?

खाण्यावर घासाघीस नाही. कपड्यांवर थोडी चालते. फसवणूक क्वचित, पण फळांच्या गाड्यावर डोळे उघडे ठेवा. भाव 'जिन'वर लिहिलेला असतो आणि तैवानचा जिन ६०० ग्रॅमचा, किलोचा नाही. चव बघायला एक फोड हातात देतात, मग भराभर पिशवी भरतात आणि आकडा ऐकून आपण गार. आधी वजन, मग किंमत, मग चिरणं, असा क्रम ठेवा. किंवा भाव लिहिलेल्या तयार पिशव्या घ्या. पेरूवर सुक्या प्लमची आंबट पूड मागायला विसरू नका.

२३. आई-बाबा आणि लहान मूल बरोबर आहे. जमेल?

जमेल, लवकर गेलात तर (प्रश्न ४). बाबागाडी निंगश्यात नेऊ नका. शौचालयं मेट्रो स्टेशनवर स्वच्छ असतात, देवळांतही असतात. गुडघे दुखणाऱ्यांना देवळाच्या पायरीवर किंवा सेव्हन-इलेव्हनमधल्या खुर्चीवर बसवून एकाने पदार्थ आणत राहावं. मुलांना खेळांच्या गाड्यांपाशी सोडलंत तर किती डॉलर गेले याचा हिशोब ठेवा, तिथे खाण्यापेक्षा जास्त जातात.

२४. पाऊस आला तर? आणि चिनी नववर्षात?

साध्या पावसात बाजार चालू असतो, थोडे गाडे कमी होतात, रांगाही कमी. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. टायफूनमुळे सरकारने सुट्टी जाहीर केली तर विसरा, हॉटेलात नूडल्स खा. हे मुख्यतः जुलै ते सप्टेंबरमध्ये होतं. नववर्षाच्या आदल्या रात्री सगळे घरच्या जेवणाला बसतात, त्यामुळे बरेच गाडे बंद. पुढच्या दिवसांत मात्र सुट्टीची तोबा गर्दी.

२५. शीलिनला 'बेडकाची अंडी' नावाचं पेय दिसलं. खरंच बेडकाची?

नाही हो. टॅपिओकाचे मोती आणि सरबत आहे, बेडूक फक्त पाटीवर. शाकाहाऱ्यांनी खुशाल प्यावं. उलट 'पौष्टिक सँडविच' अशा सज्जन नावाचा कीलुंगचा तळलेला पाव मात्र विचारून घ्या, त्यात हॅम आणि अंडं असतं.